निसर्ग, माहेर आणि बाळंतपण

बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असें वृद्ध स्त्रिया पिढ्यान् पिढ्या म्हणत आल्या आहेत. या म्हणण्यांत भीति आहे आणि आनंदहि आहे. परंतु जन्म म्हटला कीं त्याची तयारी आली, आणि ती तयारी कोणीं, कधीं व कशी करावयाची हा प्रश्न या उक्तीच्या पलीकडे शिल्लकच राहतो. अलीकडे शहरांतील सुशिक्षित घरांत ‘नैसर्गिक बाळंतपण’ हा शब्द फार ऐकूं येतो. शस्त्रक्रिया नको, औषधांचा भडिमार नको, शरीराला त्याचें काम त्याच्या वेळेनें करूं द्यावें, अशी त्यामागील इच्छा असते. इच्छा योग्यच आहे. पण ‘नैसर्गिक’ या शब्दाचे दोन अर्थ संभवतात. निसर्गाच्या कामांत विनाकारण हात घालूं नये, हा एक. आणि सर्व कांहीं निसर्गावर सोडून स्वस्थ बसावें, हा दुसरा. या दोन अर्थांमधील अंतर किती मोठें आहे हें ज्यांना पाहावयाचें असेल त्यांनीं अमरावती जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सातपुड्याच्या कुशींत वसलेल्या धारणी तालुक्याकडे दृष्टि टाकावी.

धारणी व चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. सागवानाचें जंगल, तापी, सिपना व गडगा या नद्यांचीं खोरीं, आणि डोंगरउतारांवर दूर दूर विखुरलेल्या कोरकू लोकांच्या वस्त्या, असा हा प्रदेश आहे. अमरावतीहून धारणीचें गांव सुमारें दीडशें किलोमीटर दूर. मधला रस्ता घाटाचा. आणि धारणीहून पुढें खेड्यापाड्यांत जावयाचें तर पावसाळ्यांत ओढे-नाले वाट अडवून उभे. येथें बायका पिढ्यान् पिढ्या आपल्याच घरांत, गांवच्या दाईच्या हातून बाळंत होत आल्या. सुई नाहीं, चाकू नाहीं, यंत्र नाहीं. शहरांतील एखाद्या हौशी माणसाला हें अगदीं निसर्गाच्या मांडीवरचें बाळंतपण वाटेल. परंतु १९९३ सालीं मेळघाटांतील कुपोषणाची व बालमृत्यूंची वार्ता सर्वत्र पसरली आणि हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हां त्या चित्राची दुसरी बाजू उभ्या महाराष्ट्राला दिसली. अशक्त आयांच्या पोटीं कमी वजनाचीं मुलें जन्मत होतीं, आणि कित्येक बाळें पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वींच जात होतीं. त्यांच्याबरोबर कधीं कधीं आईहि जात असे.

निसर्ग तेथें निर्दय झाला होता, असें नव्हे. जें काम निसर्गानें स्त्रीच्या शरीराकडे सोंपविलें आहे, त्या कामाला लागणारी शिदोरीच तिच्या पदरीं नव्हती. अंगांत पुरेसें रक्त नव्हतें, पोटाला पुरेसें अन्न नव्हतें, विश्रांति नव्हती, आणि अडलीच तर दवाखान्यापर्यंत जाण्याची वाट नव्हती. निसर्गावर विश्वास टाकावयाचा असेल तर ही शिदोरी आधीं भरून ठेवावी लागते. आजच्या विवेचनाचें सूत्र एवढेंच आहे, आणि तें धारणीच्या झोपडीस जितकें लागू आहे तितकेंच पुण्यामुंबईच्या इमारतींनाहि लागू आहे.

प्राचीन वैद्यांना हें ठाऊक होतें. चरकसंहितेच्या शारीरस्थानांत गर्भिणीनें कोणत्या महिन्यांत काय सेवन करावें याचा क्रम दिला आहे. नववा महिना लागण्यापूर्वींच सूतिकागार सिद्ध ठेवावें, आणि प्रसूतिसमयीं अनुभवी, प्रेमळ व धीर देणाऱ्या स्त्रिया भोंवतीं असाव्या, असेंहि तेथें सांगितलें आहे. त्या काळच्या प्रत्येक उपायाला आजचें शास्त्र मान डोलावील असें नाहीं. पण बाळंतपण नैसर्गिक आहे म्हणून तयारी नको, असें त्या आचार्यांनींहि कोठें म्हटलेलें नाहीं. पुढें १८८६ सालीं एका महाराष्ट्रीय स्त्रीनें अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें वैद्यकीची पदवी घेतली, आणि तिनें प्रबंधासाठीं निवडलेला विषय प्राचीन हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. ती स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. बालवयांतच तिच्या पदरीं आलेलें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें होतें. त्या दुःखांतून तिची विद्येची ओढ बळावली.

आनंदीबाईंच्या या कहाणींतच पूर्वतयारीचा पहिला धडा आहे, आणि तो वयाचा आहे. स्वतःचीच वाढ पुरी न झालेल्या मुलीच्या देहावर दुसऱ्या जीवाच्या वाढीचा भार पडला तर दोघांनाहि तो पेलत नाहीं. कायद्यानें विवाहाचें वय मुलीला अठरा ठरविलें आहे. परंतु कायदा पुस्तकांत राहतो व लग्न मांडवांत लागतें. मेळघाटांत व मेळघाटाबाहेरहि अठराच्या आंत आई होणाऱ्या मुली अजून दिसतात. त्याचप्रमाणें एक बाळंतपण झाल्यावर पुन्हां दिवस राहण्यापूर्वीं निदान दोन वर्षांचें अंतर असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें सांगणें आहे. आईचें खर्ची पडलेलें रक्त व बळ भरून येण्यास तेवढा अवधि लागतोच.

दुसरा धडा रक्ताचा. गर्भिणीच्या रक्तांतील हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खालीं गेलें तर तो रक्तक्षय समजावा, आणि ७ च्या खालीं गेलें तर तो जिवावरचा प्रसंग समजावा. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शंभर गर्भिणींपैकीं बावन्न जणींना रक्तक्षय असल्याचें आढळलें. हा आंकडा केवळ रानावनांतील स्त्रियांचा नव्हे. त्यांत शहरांतील सुखवस्तु घरांच्या लेकीसुनाहि आल्या. जिच्या अंगांत रक्त भरपूर आहे तिला प्रसूतींतील थोडा अधिक स्राव सोसतो. जिच्या अंगांत तें मुळांतच थोडें, तिला तेवढाच स्राव घेऊन जातो. म्हणून रक्ताची तपासणी दिवस राहण्यापूर्वींच करून घ्यावी हें उत्तम.

या तपासणीबरोबर विदर्भांतील घरांनीं आणखी एक तपासणी विसरूं नये, ती सिकलसेलची. रक्तांतील तांबड्या पेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा हा आनुवंशिक विकार मेळघाटांत व एकंदर विदर्भांत पुष्कळ आढळतो. पति व पत्नी दोघेंहि वरून निरोगी पण आंतून या दोषाचे वाहक असलीं, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. लग्नापूर्वीं पत्रिका जुळविणाऱ्यांनीं रक्ताची ही पत्रिकाहि पाहावी. केंद्र सरकारनें २०२३ सालीं या आजाराच्या निर्मूलनाची मोहीम हातीं घेतली असून ही तपासणी आतां सरकारी दवाखान्यांतून होऊं शकते. फॉलिक ॲसिडच्या गोळीचेंहि तसेंच आहे. गर्भाच्या मेंदूची व पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेपासून अठ्ठावीस दिवसांच्या आंतच मिटते. त्या वेळीं पुष्कळदां दिवस राहिल्याचेंहि आईला कळलेलें नसतें. म्हणून ही गोळी मूल व्हावें असा विचार मनांत येतांच वैद्याच्या सल्ल्यानें सुरू करावयाची असते.

आतां नऊ महिन्यांचा विचार. पुष्कळ खेड्यांत अशी समजूत आहे कीं, गर्भिणीनें पोटभर जेवलें तर मूल मोठें होतें आणि मग तें अडतें; म्हणून तिनें हात आंखडून खावें. ही समजूत मोडण्याजोगी आहे. उपासमारीनें मूल लहान होतें हें खरें, पण त्याबरोबर आईचें बळहि लहान होतें, आणि अडीच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला थंडी, जंतु व भूक हीं तिन्ही लवकर गांठतात. शहरांत याच्या उलट टोक दिसतें. दोन जिवांचें खावयाचें म्हणून तिच्यापुढें तूपसाखरेचें ताट रोज वाढलें जातें. दोन्हीहि चूकच. गर्भिणीला पहिल्या तिमाहीनंतर रोजच्या आहाराहून सुमारें साडेतीनशें कॅलरी अधिक लागतात, म्हणजे ज्वारीची एक भाकरी व वाटीभर दाट वरण. वऱ्हाडच्या स्वयंपाकघरांत ही शिदोरी आयती आहे. तुरीचें वरण, मेथीची व अंबाडीची भाजी, शेवग्याचा पाला, जवसाची चटणी, शेंगदाणे आणि गूळ. मेळघाटांत त्याला कुटकीची जोड. पालेभाजीवर लिंबू पिळावें, म्हणजे तींतील लोह अंगीं लागतें. आणि जेवणावर लगेच चहा घेऊं नये, कारण चहा तेंच लोह अडवून धरतो.

तरीहि केवळ अन्नानें गर्भिणीची लोहाची गरज भागत नाहीं. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणें लोहाची गोळी १८० दिवस, व बाळंतपणानंतर पुन्हां १८० दिवस, असा क्रम ठरलेला आहे. गोळीनें शौचाचा रंग काळा होतो, कधीं मळमळ होते, आणि मग गोळ्यांची पुडी फळीवरच राहते. घरांतल्या वडील माणसांनीं याची विचारपूस करावी. डोहाळेजेवणाचा थाट करणाऱ्या घरांत त्या गोळ्या मोजणारें कोणी नसावें, हें विचित्र आहे.

मेळघाटांत अडचण निराळी आहे. तेथें घरीं दिलेला शिधा घरांतील सर्वांच्या ताटांत वांटला जातो आणि गर्भिणीच्या वांट्यास नेहमींचाच घास येतो. म्हणून २०१५ पासून आदिवासी भागांत अमृत आहार योजना सुरू झाली, आणि गर्भिणीला व अंगावर पाजणाऱ्या आईला अंगणवाडींतच दिवसांतून एक वेळ गरम व चौरस जेवण मिळूं लागलें. ती बसून जेवते, म्हणजे तिचा घास तिलाच पोंचतो. युक्ति साधी आहे, पण घराघरांतील रीत ओळखून योजलेली आहे. मात्र खरिपाचें काम संपलें कीं कोरकू कुटुंबें मजुरीसाठीं दूर जातात आणि बहुधा होळीला परततात. या काळांत गर्भिणीहि डोक्यावर पाटी घेऊन काम करते. तिची अंगणवाडी मागें राहते, तिची तपासणी चुकते, आणि ती परत येते तेव्हां तिचे नऊ महिने भरत आलेले असतात. पोटाची चिंता आणि पोटांतल्या जीवाची चिंता यांची अशी ओढाताण जोंवर आहे, तोंवर नुसत्या उपदेशानें कार्य होणार नाहीं. तिला गांवांत काम व त्या महिन्यांत मजुरीविना विश्रांति मिळाली पाहिजे.

येथें ‘माहेर’ या शब्दाचा विचार केला पाहिजे. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही रीत ज्यांनीं घातली त्यांनीं स्त्रीच्या मनाचा फार खोल विचार केला होता. सासरच्या कामाच्या रगाड्यांतून सुटका, आईच्या हातचें अन्न, आणि भ्यालें तर भ्यालें म्हणावयास एक हक्काची जागा; नैसर्गिक बाळंतपणाला याहून मोठें औषध नाहीं. हेंच ध्यानीं घेऊन महाराष्ट्रांतील दुर्गम आदिवासी भागांत कांहीं प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारांत ‘माहेरघरें’ उघडण्यांत आलीं. ठरलेल्या तारखेच्या चार-पांच दिवस आधीं गर्भिणीनें तेथें यावें, बरोबर घरचें एक माणूस असावें, राहण्या-जेवणाची सोय व्हावी आणि वेणा सुरू होतांच दोन पावलांवर परिचारिका असावी, अशी ती कल्पना आहे.

या चार-पांच दिवसांचें मोल समजण्यासाठीं एका विचाराची माहिती असावी. सेरीन थॅडियस व डेबोरा मेन या दोन विदुषींनीं १९९४ सालीं असें दाखविलें कीं, प्रसूतींतील मृत्यूच्या मागें तीन उशीर असतात. दवाखान्यांत जावें हें ठरविण्यास उशीर, तेथवर पोंचण्यास उशीर, आणि पोंचल्यावर योग्य उपचार मिळण्यास उशीर. धारणीच्या डोंगरांत हे तिन्ही उशीर एकामागून एक उभे असतात. नवरा मजुरीवरून परत आल्याविना कोणी ठरवावयाचें? नाला भरून वाहत असतां गाडी कोठून आणावयाची? आणि बैरागड, हरिसाल किंवा साद्राबाडीच्या केंद्रांतून धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयांत, व तेथूनहि न निभावलें तर अमरावतीच्या डफरिन रुग्णालयांत, एवढा पल्ला ती कशी गांठणार? प्रसूतीनंतरचा भारी रक्तस्राव दोनच तासांत प्राण घेऊं शकतो. दीडशें किलोमीटरचा घाट तर त्याहून लांब आहे. माहेरघर पहिले दोन उशीर आधींच खाऊन टाकतें.

असें असूनहि पुष्कळ स्त्रिया तेथें येण्यास नाखूष असतात, आणि त्यांना अडाणी म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण घरीं धाकटें लेंकरूं असतें, गाय-बकरी असते, चूल असते. त्यांचें कोण करील? शिवाय परक्या भिंतींत, परक्या भाषेंत, अनोळखी माणसांपुढें प्रसूत होण्याचा संकोच तिला वाटतो, तो कोणाहि कुलीन स्त्रीला वाटेल तसाच आहे. कोरकू भाषेचें कुळ मराठीहून सर्वस्वीं निराळें. तिच्या बोलींत दोन शब्द बोलणारी परिचारिका आणि तिच्या ओळखीची गांवची दाई बाजूस असेल, तर तेंच आरोग्य केंद्र माहेर होतें. दाईला हांकलून देण्यापेक्षां तिला सोबतीण म्हणून आंत बोलाविणें अधिक शहाणपणाचें आहे. वेणांच्या काळीं सतत धीर देणारें माणूस जवळ असलें तर प्रसूति सुलभ होते व शस्त्रक्रियेची वेळ कमी येते, हें अनेक देशांतील पाहणींतून सिद्ध झालें आहे. चरकानें सांगितलेल्या त्या प्रेमळ स्त्रियांना आतां शास्त्राचीहि साक्ष मिळाली.

भीतीचा आणि वेदनेचा संबंध इंग्लंडमधील डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनीं १९३३ सालीं आपल्या ‘नैसर्गिक बाळंतपण’ या विषयावरील ग्रंथांत मांडला. भीतीनें शरीर ताठतें, ताठलेल्या शरीराला वेदना अधिक होतात, आणि वेदनेनें भीति पुन्हां वाढते, असें तें चक्र आहे. तें तोडण्याचे उपाय साधे आहेत. काय होणार आहे हें तिला आधीं समजावून द्यावें; दीर्घ व संथ श्वासाची संवय अगोदरच्या महिन्यांत लावावी; आणि वेणा येऊं लागल्यावर तिला उताणी निजवून न ठेवतां हिंडूं-फिरूं द्यावें, बसूं द्यावें. उभें राहण्या-फिरण्यानें वेणांचा पहिला टप्पा सुमारें तासाभरानें कमी होतो, असें आढळलें आहे. घरांतील नेहमींचें हलकें काम व रोजचें चालणें ही त्याचीच तयारी होय. परंतु डोक्यावर दोन हांडे घेऊन टेंकडी चढणें हा व्यायाम नव्हे, ती झीज आहे.

दवाखाना म्हटला कीं सर्व सुरक्षित, असेंहि मानूं नये. १८४७ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत डॉ. सेमेलवाइस यांच्या विभागांत एप्रिल महिन्यांत शंभरांत अठरा बाळंतिणी ज्वरानें मेल्या. तेथल्याच सुईणींच्या विभागांत मृत्यु बरेच कमी असत. कारण डॉक्टर व विद्यार्थी शवच्छेदन करून त्याच हातांनीं प्रसूतीस येत. सेमेलवाइस यांनीं चुन्याच्या क्लोरीनयुक्त पाण्यानें हात धुण्याचा नियम घातला आणि जूनमध्यें हें प्रमाण शंभरांत दोनांवर आलें. दाईचा हात असो वा डॉक्टरचा, तो धुतलेला असावा. नाळ कापण्याचें पातें निर्जंतुक असावें. आणि कापलेल्या नाळेवर शेण, राख वा हळद कांहींहि लावूं नये. धनुर्वाताची लस व ही स्वच्छता यांच्या बळावर भारतानें २०१५ सालीं नवजातांच्या धनुर्वाताचें उच्चाटन साधलें. ज्या रोगानें पूर्वीं घरोघरचे पाळणे रिकामे केले त्याची ही गोष्ट आहे.

शहरांतील घरांचा प्रश्न मेळघाटाच्या नेमका उलट आहे. तेथें शस्त्रक्रिया मिळत नाहीं म्हणून स्त्री जाते. येथें ती नको तेव्हांहि होते. वर उल्लेखिलेल्या पाहणींत भारतांतील सरकारी रुग्णालयांत शंभरांत सुमारें चौदा प्रसूति शस्त्रक्रियेनें झाल्या, तर खाजगी रुग्णालयांत सत्तेचाळीस. एवढ्या स्त्रियांचीं शरीरें अकस्मात् अडूं लागलीं असें कोणी म्हणणार नाहीं. सोईची वेळ, साधलेला मुहूर्त, वेणांचें भय आणि वाट पाहण्याचा कंटाळा यांचाहि त्यांत भाग आहे. मुहूर्तासाठीं पोट चिरवून घेणें हा निसर्गाचा अनादर. आणि मूल खरोखर अडलें असतां ‘नैसर्गिकच व्हावें’ म्हणून हट्ट धरणें हाहि निसर्गाचा आदर नव्हे. वैद्यानें कारण सांगावें, घरच्यांनीं तें विचारावें, आणि निर्णय त्या स्त्रीला समजून व्हावा.

मूल जन्मतांच त्याला पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवावें. निदान एक मिनिट नाळ कापूं नये, म्हणजे वारेंतील रक्त बाळाला मिळतें. आणि पहिल्या तासांत त्याला छातीशीं लावावें. पहिला पिवळसर चीक पुष्कळ ठिकाणीं पिळून टाकतात व बाळाला मध, साखरेचें पाणी वा शेळीचें दूध देतात. हा मोठा अपव्यय आहे. तो चीक म्हणजे बाळाची पहिली लसच होय. त्यानंतर सहा महिने आईच्या दुधावांचून पाणीहि नको. बाळ फार लहान असेल तर त्याला आईच्या उराशीं, कातडीला कातडी लावून बांधून ठेवावें. कोलंबियांतील बोगोटा शहरांत उपकरणांच्या अभावीं १९७८ च्या सुमारास सुरू झालेली ही रीत आज सर्व जगानें स्वीकारली आहे, आणि झोपडींतहि तिला खर्च नाहीं.

राहिला बाळंतिणीचा सव्वा महिना. आजींच्या हातच्या या व्यवस्थेंत ठेवण्याजोगें पुष्कळ आहे. अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, खारीक-खोबरें, तेलाचें अभ्यंग, ऊन पाणी, आणि सर्वांत मोलाची ती विश्रांति. टाकण्याजोगेंहि आहे. बाळंतिणीला पाणी तोडणें, फळें-भाज्या वर्ज्य करणें, अंधाऱ्या खोलींत कोंडणें आणि बाजेखालीं निखाऱ्यांचा धूर करणें यांनीं आई सुकते व बाळाचीं फुफ्फुसें घुसमटतात. मेळघाटांत आजारी बाळाच्या पोटाला तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नांवाची प्रथा आहे. ती तर टाकलीच पाहिजे. पण ती टाकावयास लावणारा तोच, जो रात्रीं-बेरात्रीं त्या बाळाला औषध नेऊन देतो. बैरागड येथें डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे यांनीं दशकानुदशकें राहून हा विश्वास मिळविला. २०१९ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. धारणीजवळ उतावली येथें डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ संस्थेनें गांवांतल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरच्या बाळांची देखरेख उभी केली. त्याआधीं गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं हाच मार्ग घालून दिला होता; शिकवलेल्या खेडूत स्त्रियांच्या हातून नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं उतरल्याचें त्यांचें संशोधन १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. आज आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरीं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशीं जाते, तें त्याच बीजाचें झाड आहे.

बाळंतिणीच्या अंगाबरोबर तिच्या मनाकडेहि लक्ष असावें. तिसऱ्या-चवथ्या दिवशीं तिला उगीच रडूं येतें. तें बहुधा पंधरवड्याच्या आंत ओसरतें. न ओसरलें, झोप उडाली, बाळाकडे पाहवेनासें झालें, तर तें नाटक नव्हे किंवा बाहेरची बाधाहि नव्हे. तो आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत. ताप, दुर्गंधीचा स्राव, भारी रक्तस्राव, पायाला एकाएकीं सूज, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढें अंधारी, यांपैकीं कांहींहि दिसलें तर सव्वा महिना बाहेर जावयाचें नाहीं, हा नियम त्याच क्षणीं मोडावा.

महाराष्ट्रानें या मार्गावर पुष्कळ मजल मारली आहे. २०१८ ते २०२० या काळच्या नमुना नोंदणीप्रमाणें भारतांत एक लाख जिवंत जन्मांमागें ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रांत ३३. परंतु सरासरीचा आंकडा हा सपाट प्रदेशासारखा असतो. त्यांत डोंगर दिसत नाहींत. जी गर्भिणी आज पावसांत नाल्याच्या अलीकडे उभी आहे, तिला त्या आंकड्यानें पलीकडे नेतां येत नाहीं.

ज्यांच्या घरीं लेक वा सून आई होणार आहे त्यांनीं सातव्या महिन्याच्या आंत चार गोष्टी पक्क्या कराव्या. तिचें रक्त किती आहे, प्रसूति कोठें होणार, तेथें न्यावयास रात्रीं गाडी कोणाची, आणि तिच्या रक्ताच्या गटाचें रक्त वेळीं देईल असें माणूस कोण. दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भिणींची विनामूल्य तपासणी होते. घरांत भांडीं घासणारी, बांधकामावर विटा वाहणारी एखादी गर्भिणी दिसली तर तिला ही तारीख सांगावी, आणि त्या दिवसाची मजुरी कापूं नये. विटा वाहणारी ती बाई कदाचित् धारणीच्या बाजूचीच असेल. तिचें माहेर दूर आहे. त्या दिवसापुरतें तें श्रोत्यांच्या अंगणांत आलें तर तिच्या बाळाची शिदोरी थोडी भरेल.